पाल रोजच चुकचुकते

मावशी, सुदामानगरातून लिहिते आहे. वय 43. 2019 पासून टिफिन सेंटर चालवते. भंवरकुव्याच्या कोचिंगची मुलं, सध्या दोन्ही वेळचे 62 डबे. 2020 च्या मार्चमध्ये मुलं गावी गेली तेव्हा शून्यावर आलो होतो, तिथून परत उभं केलं. गेल्या वर्षी ह्यांच्या ओळखीतले एक गृहस्थ आले. भागीदारीत मोठं किचन काढू म्हणाले. ‘भाभी, अपना ही घर समझो.’ चहा पिताना सगळा वेळ बशीकडे बघून बोलत होते. त्याच क्षणी माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. पण घरात सगळे हो म्हणाले आणि मी गप्प बसले. 2 लाख 40 हजार गेले, आता फोन लागत नाही. पैसे एकवेळ पुन्हा कमावता येतील. पण रोज रात्री मी स्वतःला बोलत राहते, ‘अक्कल गहाण टाकली होतीस का, माणसं कळतच नाहीत तुला.’ आता एक निर्णय घेता येत नाही. मदतीला बाई ठेवायची तर तीन आठवडे झाले, ठरत नाही. एक होस्टेलवाले 40 डब्यांचं काम देऊ करताहेत आणि माझ्या पोटात पुन्हा गोळा येतोय. सेंटर सुरू करतानाही असाच आला होता, ते जाऊ दे. लेक म्हणते, आई, आतल्या आवाजावर विश्वास ठेव. पण मावशी, हा इशारा आहे की नुसती भीती, ते ओळखायचं कसं?

— एक वाचक, इंदूर

तू ‘मावशी’ म्हणून हाक मारलीस, तेव्हा मी अहो-जाहो सोडते. पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल होती आणि एका वाक्याखाली मी रेघ मारली आहे. सेंटर सुरू करतानाही असाच गोळा आला होता, असं लिहून पुढे तू ‘ते जाऊ दे’ म्हटलंस. ते जाऊ द्यायचं नाही. सगळी गोम तिथेच आहे.

2019 मध्ये पोटात गोळा आला, तरी तू सेंटर काढलंस आणि ते चाललं. गेल्या वर्षी पाल चुकचुकली, तरी पैसे दिले गेले आणि बुडाले. दोन्हींतलं तुझ्या डोक्यात काय राहिलं? पाल. गोळा खोटा ठरला म्हणून तो हिशेबातून बाद.

पाल घरात रोजच चुकचुकते गं. ट्यूबलाइटच्या पट्टीमागे, कॅलेंडरमागे, दिवेलागणीपासून तिचं चालूच असतं. आमची आजी बोलत असताना पाल चुकचुकली की आजी पाटावर टिचकी मारून ‘खरं, खरं’ म्हणायची. तेवढी एक चुकचुक लक्षात राहायची. रात्रभरातल्या बाकीच्या कोणी मोजल्या नाहीत.

माणसाच्या आठवणीची ही खोड मोजून पाहिलेली आहे. 1972 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि मॉस्कोच्या दौऱ्यावर जाणार होते. त्याआधी बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या दोघा मानसशास्त्रज्ञांनी इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांना विचारून ठेवलं, की दौऱ्यात अमुक घडेल, तमुक घडेल, याची शक्यता तुम्हाला किती वाटते? दौरे उरकल्यावर त्याच मुलांना पुन्हा गाठून विचारलं, तेव्हा तुम्ही किती म्हणाला होतात? जे खरोखर घडलं होतं, त्याबद्दल मुलांना आपला जुना अंदाज होता त्यापेक्षा जास्त ठाम आठवत होता. खोटं कोणी बोलत नव्हतं. निकाल कळला की आठवण मागे जाऊन आपलंच उत्तर दुरुस्त करून ठेवते. हे काम 1975 मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडच्या चार घरांत बसलं, तर ‘मला तेव्हाच वाटलं होतं’ हे वाक्य दिवसाला दहा वेळा ऐकू येतं, त्यासाठी इस्रायलला जायला नको.

म्हणून विचारते. ते गृहस्थ बशीकडे बघून बोलले हे तुला त्या दिवशी खटकलं, की पैसे बुडाल्यावर? मला उत्तर नको, स्वतःपुरतं बघ. कदाचित त्याच दिवशी खटकलं असेल. पण बशीकडे बघून बोलणारी माणसं या शहरात पोत्यानं मिळतील. माझे सासरे जन्मभर बशीकडे बघून बोलले आणि त्यांनी कोणाचा छदाम बुडवला नाही. ज्या आवाजाकडे दुर्लक्ष केल्याबद्दल तू रोज रात्री स्वतःला फाडून खातेस, तो आवाज त्या संध्याकाळी आज आठवतोय तेवढा मोठा नसेलही.

मग तुला काही कळतच नाही, असं मी म्हणतेय का? मुळीच नाही. कणकेचं बघ.

62 डबे, डब्यात पाच पोळ्या धरल्या तरी एका वेळेला तीनशेच्या वर झाल्या. परातीत पाणी तू मापानं घालत नसणार. पावसाळ्यात पीठ ओल धरून असतं, हात आपोआप आखडतो. लोकवनच्या ऐवजी शरबतीचं पीठ आलं, किंवा गिरणीवाल्यानं जरा जाडसर काढून दिलं, की पहिली मूठ वळतानाच बोटांना कळतं की आज दोन पळ्या पाणी जास्त लागणार आणि अर्धा तास झाकून ठेवावं लागणार. कोणी विचारलं, कसं कळलं, तर तुला सांगता येणार नाही. ‘कळतं’ एवढंच म्हणशील. हाच तो आतला आवाज. त्यात गूढ काही नाही, हजारो पोळ्यांची शिल्लक आहे ती. आणि ती शिल्लक खरी कशामुळे झाली, तर पोळी वातड झाली की त्याच दुपारी डबा परत येतो, उरलेल्या पोळीसकट. रोज परीक्षा, रोज निकाल.

गॅरी क्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आग विझवणाऱ्या दलांच्या नायकांचा अभ्यास केला. त्यातला एक नायक, स्वयंपाकघरातल्या आगीवर पाणी मारत असताना, आपल्या माणसांना अचानक ‘बाहेर पडा’ म्हणून ओरडला. सगळे बाहेर पडले आणि काही क्षणांत जमीन खचली. आग खाली तळघरात होती. त्याला वाटलं आपल्याला दैवी संकेत मिळाला. नीट विचारल्यावर निघालं ते असं, की खोली असायला हवी त्यापेक्षा जास्त तापलेली होती आणि आगीचा आवाज असायला हवा त्यापेक्षा कमी होता. डोक्यानं जुळणी करायच्या आधी अंगानं केली होती. उलट डॅनियल कानेमन, 2002 चे नोबेलवाले, ते अशा आतल्या आवाजाकडे संशयानंच बघायचे. या दोघांनी मिळून 2009 मध्ये एक लेख लिहिला. भांडता भांडता दोन अटींवर त्यांचं एकमत झालं. एक, ज्या कामात वाटतंय त्या कामाला काही नेम हवा, आज असं तर उद्या भलतंच असं नको. दुसरी, त्या कामाचा भरपूर सराव हवा आणि आपण चुकलो की बरोबर, हे लवकर कळायला हवं. दोन्ही असलं तर आवाजाला मान द्यावा. नसलं, तर आवाज कितीही ठाम असो, त्याला तपासून घ्यावं.

आता तूच लाव. कणकेला दोन्ही अटी लागू. मुलांच्या बाबतीतही बऱ्याचशा लागू. डबा तसाच भरलेला परत आला की कोण तापानं पडलंय आणि कोणाचा पेपर बिघडलाय हे तुला कळत असणार. म्हणजे ‘माणसं कळतच नाहीत’ हे काही खरं नाही. पण भागीदारी? ती तू आयुष्यात किती वेळा केलीस? एकदा. पहिली पोळी कोणाची गोल झाली आहे? नकाशाच होतो. फरक इतकाच की हा नकाशा अडीच लाखांना पडला.

आता माझी एक गोष्ट. या सदरात मी ती आजवर लिहिली नाही.

2004 ची. रामबागेत आमच्या माडीवरची खोली भाड्यानं द्यायची होती. एक मुलगा आला, अलीराजपूरकडचा, आदिवासी पट्ट्यातला. पीएससीची तयारी करत होता. डिपॉझिटचे पैसे वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणले होते. चप्पल दाराबाहेर काढून, पायरीवरच उभा राहिला. बोलणं अदबीचं. आणि माझ्या पोटात काहीतरी आवळलं. मन कच खाऊ लागलं. मी म्हटलं, ‘खोली तर गेली.’ तो पिशवी हातात धरून जिना उतरला. आठ दिवसांनी तीच खोली मी एका ‘आपल्यातल्या’ मुलाला दिली. त्याच्याबद्दल मन अगदी निर्धास्त होतं. तो चार महिन्यांचं भाडं थकवून एका रात्री निघून गेला, पंख्यासकट.

पंख्याचं हसू येतं आता. पिशवीचं नाही येत. कारण त्या दिवशी माझ्या पोटात जे आवळलं, तो आवाज आतला नव्हताच, आळीचा होता. लहानपणापासून ओट्यावर बसून ऐकलेल्या बायकांचा. ‘कुठला? त्या बाजूचा? नको गं बाई.’ तोच माझ्या पोटातून बोलला आणि मी त्याला अंतर्ज्ञान समजले. मुलाचं नावही मी विचारलं नव्हतं.

लेकीला सांग, पोट खोटं बोलत नाही हे मोबाइलवर छान दिसतं. पोट बरंच काही बोलतं. भीती, सवय, ऐकीव गोष्टी, काल रात्रीचं जागरण, आणि मध्येच एखादी अगदी अचूक गोष्ट. सगळ्यांचा गोळा सारखाच असतो.

ही गोष्ट सांगण्याचं आणखी एक कारण आहे. कितीतरी वर्षं त्या मुलाची आठवण आली की मी स्वतःला ‘नीच आहेस तू’ म्हणायचे आणि उठून कामाला लागायचे. उशिरा लक्षात आलं की ही शिवी म्हणजे पळवाट होती. स्वतःला नालायक ठरवलं की खटला निकाली निघतो. गुन्हेगार सापडला, शिक्षा झाली, फाइल बंद. नेमकं काय चुकलं, कधी चुकलं, कोणत्या शब्दाला चुकलं, ते बघायची गरजच उरत नाही. ‘त्या बाजूचा’ हा शब्द माझ्या डोक्यात कुठून आला हे मी शिव्या थांबवल्यावरच बघू शकले. त्यासाठी स्वतःजवळ जरा बसावं लागलं, मार खाल्लेल्या पोराजवळ बसतो तसं.

स्वतःशी मऊ वागणं म्हणजे स्वतःला सूट देणं, असं आपल्याकडे पक्कं समजतात. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात जुलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी एक प्रयोग केला, तो 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना मुद्दाम अवघड शब्दांची परीक्षा दिली, सगळ्यांना ती जड गेली. मग काही जणांना सांगितलं, ही परीक्षा पुष्कळांना जड जाते, स्वतःवर फार कडक होऊ नका. दुसऱ्या परीक्षेच्या तयारीला या मुलांनी इतरांपेक्षा जास्त वेळ दिला. सूट मिळाली म्हणून लोळत पडली नाहीत. पुस्तक उघडायची भीती गेली, म्हणून उघडलं.

तर शिव्या बाजूला ठेवून त्या संध्याकाळकडे बघ. मला तुझ्या पत्रावरून जे दिसतं ते सांगते, चुकत असेन तर कळव. तुझं ऐकण्यात फारसं चुकलेलं नाही. चुकलं असेल तर बोलण्यात. तुला काहीतरी बरोबर वाटत नव्हतं आणि ते तू घरात कोणालाच सांगितलं नाहीस. का नाही, तेही माहीत आहे. पुरावा काय देणार? बशी? आपल्या घरांमध्ये पुरुषाचा ‘अंदाज’ असतो आणि बाईचं ‘उगाच काहीतरी’ असतं. पण वेळ मागायला पुरावा लागत नाही. ‘मला नीट वाटत नाही, का ते सांगता येत नाही, पंधरा दिवस थांबू,’ एवढं वाक्य पूर्ण आहे. ते मोठ्यानं म्हणायची सवय कर, साध्या गोष्टींपासून. भाजीवाल्यापासून कर.

आणि हो, त्या दिवशी हो म्हणणारे किती जण होते? रात्री जागणारी मात्र एकटी तू. हे बिल वाटून घ्यायला हवं. घरात भांडण काढ असं म्हणत नाही, पण ‘आपण फसलो’ असं म्हण, ‘मी फसले’ म्हणू नकोस. व्याकरणाचा एवढाच फरक, त्यानं झोप येते.

स्वतःशी बोलायचंच आहे, तर हाक बदल. लहानपणी आपण मनाचे श्लोक पाठ केले. 205 आहेत, मला आता पन्नासेक येत असतील. समर्थ काही लाडीगोडीनं बोलणारे नव्हेत, मनाला पुढे चांगलंच फैलावर घेतात. पण हाक मारताना म्हणतात ‘मना सज्जना’. ज्याला रागवायचं आहे त्याला आधी सज्जन म्हणून बसवून घेतलं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांनी 2014 मध्ये दाखवलं, की भाषणाच्या आधी घाबरलेली माणसं ‘मी’ न म्हणता स्वतःच्या नावानं स्वतःशी बोलली, तर त्यांची घालमेल कमी होते. तुझं माहेरचं नाव काय असेल ते असो, त्या नावानं, तुझी थोरली बहीण विचारेल तसं विचार, ‘अगं, काय झालं नेमकं?’ ‘अक्कल गहाण टाकली होतीस का’ या प्रश्नाला उत्तर नसतं, ‘काय झालं नेमकं’ याला असतं.

पैशाचं थोडक्यात. ते बँकेतून गेले असतील तर नोंद आहे, मेसेज असतील तर पुसू नकोस. वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, म्हणून घोळत बसू नकोस. बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी विधिक सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, 15100 वर फोन करून चौकशी कर. आणि रात्रीचं जागरण आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल, जेवणावरची वासना उडाली असेल, तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, 14416. तिथे बोलायला लाज कसली.

बाईचं तर सोपं आहे. माणूस कसा आहे हे पाच मिनिटांच्या बोलण्यात कोणालाच कळत नाही, मलाही नाही, ते वर आलंच. आठ दिवस पगारी बोलाव. कणीक तिंबताना हात कसा चालतो, उरलेलं वरण कशात काढून ठेवते, ओटा शेवटी पुसते की मधेमधे, हे बघ. तिथे तुझी नजर तयार आहे, तिथे तिचं ऐक.

सियागंजच्या सामानाची यादी ज्या वहीत करतेस, तिचं मागचं पान उघड. पोटात गोळा आला की तारीख टाक, कशाबद्दल ते एका ओळीत लिही आणि तू काय केलंस ते लिही. शेजारी थोडी जागा सोड. दोन-तीन महिन्यांनी त्या जागेत काय झालं ते लिही. निकाल लागायच्या आधी लिहायचं, नंतर नाही, नाहीतर निक्सनच्या विद्यार्थ्यांसारखं होतं. पाल किती वेळा चुकचुकली आणि किती वेळा खरी ठरली, ते तुझं तुलाच दिसेल, आणि कोणत्या विषयात ठरली तेही. पालीवरची भिस्त वाढवायची असेल तर वही बघून वाढव.

राहिलं होस्टेल. 62 चे 102 होणार. त्यात तुझ्या अंगावर येतं ते तुला कळतं, शेगडी किती, सिलिंडर किती, पहाटे किती वाजता उठायचं. त्याबद्दल गोळा येत असेल तर त्याचं म्हणणं ऐकून घे, एकदम 40 घेऊच नकोस, 15 घे, महिनाभर बघ. पैशाच्या बाबतीत मात्र पोटाला विचारू नकोस, ना माझ्या ना तुझ्या. दर, तारीख आणि पंधरा दिवसांचे आगाऊ, हे कागदावर. कागदाला होस्टेलवाले काय म्हणतात, ते मला कळव.

आणि त्यांना भेटायला जाशील तेव्हा ठरवून दुपारी जा, मुलं जेवून उठायच्या वेळेला. आत्ता त्यांना डबे कोण देतं, त्याला का सोडताहेत, त्याचे पैसे थकलेत का, हे मालकाला विचारायच्या आधी एखाद्या मुलाला विचार. आणि ताटांत काय काय उरलंय ते बघ.